जिप्सी ६५ च्या पुढे थरथरते: टायर झाले, क्रॉस झाले, आता काय?

घोडबंदरी (रविवार, रात्री १०:१२)

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय.

गाडी जिप्सी किंग, १९९९ ची, सॉफ्ट टॉप, एमएच ०४ पासिंग. ६० पर्यंत काही तक्रार नाही. ६५ ला सीटखाली बारीक थरथर सुरू होते, ७० ला आतल्या आरशात मागची गाडी कुठली तेही ओळखू येत नाही, ८० च्या पुढे जरा कमी होते पण जात नाही. हे वेग जीपीएसवरचे आहेत, कारण टायर २१५/७५ आर १५ घातलेत आणि मीटर कमी दाखवतो. ॲक्सिलरेटर दाबला की थरथर जास्त, सोडला की कमी. स्टीअरिंग अजिबात हलत नाही. जे काही आहे ते बुडाखाली आहे.

आतापर्यंत केलेलं: व्हील बॅलन्सिंग, टायर मागचे पुढे पुढचे मागे, मागच्या प्रोपेलर शाफ्टचे (मागच्या ॲक्सलला ताकद नेणारी फिरती नळी) दोन्ही क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे, नवीन (ओरिजिनल), मागच्या ड्रमची सफाई, व्हील बेअरिंग तपासून ग्रीस. फरक शून्य.

मेकॅनिक चांगला माणूस आहे, त्याने जन्मभर जिप्सीच खोलल्यात. आधी म्हणाला, "साहेब, जिप्सी आहे, एवढं चालायचंच." आता म्हणतोय गिअरबॉक्स उतरवून बघू. म्हटलं तो खर्च करण्याआधी इथे विचारावं.

हो, एक राहिलं. आधीच्या मालकाने लांब शॅकल (पाट्याचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, टोक चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या) लावलेत. गाडी दीडेक इंच वर आहे. घेतली तेव्हापासून तशीच आहे.

डोंगरभटक्या (रविवार, रात्री १०:३१)

आधी रिमच्या आतल्या बाजूने हात फिरव. मुरबाडच्या शेतांतून गाडी काढली की आत चिखल बसतो आणि वाळून असा कडक होतो की प्रेशर मारूनही निघत नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकाने त्या चिखलासकट बॅलन्सिंग करून घेतलं होतं. नंतर चिखल पडला आणि गाडी नाचायला लागली.

घोडबंदरी (रविवार, रात्री १०:३८)

रिम स्वच्छ आहेत, स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून पाहिलंय. आणि टायरचं असतं तर स्टीअरिंगला थोडं तरी कळलं असतं ना?

ऐरोलीकर (रविवार, रात्री ११:०५)

प्रोपेलर शाफ्ट बॅलन्स करून घ्या, विषय संपला. माझ्या जुन्या बोलेरोला हेच झालं होतं. दगडावर आपटून शाफ्टच्या नळीला पोचा आला होता, तोही असा की हात फिरवल्याशिवाय कळू नये. कळंबोलीला ट्रकचे शाफ्ट करणारे असतात, त्यांच्याकडे मशिनवर चढवला, एका टोकाला वजनाची पट्टी वेल्ड केली, येताना सायन-पनवेल हायवेवर गाडी गप्प.

जिमनीच_घ्या (रविवार, रात्री ११:२०)

विका आणि नवी घ्या. थरथर फुकट, गाडीचे पैसे वेगळे असा व्यवहार कशाला करायचा माणसाने.

डोंगरभटक्या (रविवार, रात्री ११:२२)

आले! जिप्सीचा धागा आणि हे आले नाहीत असं झालेलं नाही.

निवृत्त_फोरमन (सोमवार, सकाळी ६:५०)

घोडबंदरी, गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका. अजून काही विकतही घेऊ नका. ऐरोलीकरांचं उत्तर त्यांच्या गाडीपुरतं बरोबर होतं, पण तुमच्या गाडीचा आजार तोच आहे हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही.

आधी जिप्सीची रचना. हिचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा) गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, तो वेगळा, चेसिसला तीन रबर माउंटवर टांगलेला असतो. त्यामुळे हिला प्रोपेलर शाफ्ट तीन: गिअरबॉक्स ते ट्रान्सफर हा आखूड मधला, मग पुढचा आणि मागचा. तुम्ही मागच्याचं लिहिलंत. मधल्याचं नाव नाही, माउंटचंही नाही. मेकॅनिक लोकही मधल्याला विसरतात, कारण तो खाली वाकल्यावर चटकन दिसत नाही.

आता चाचण्या. पहाटे करा, रस्ता मोकळा बघून, आणि शेजारी माणूस बसवा. गाडी चालवणाऱ्याने फोनकडे बघायचं नाही.

थरथर असलेल्या वेगाला चौथ्यात चालवा, मग तोच वेग पाचव्यात. थरथर त्याच वेगाला राहिली तर इंजिन आणि क्लच सुटले. मग ७५ वरून न्यूट्रलमध्ये घरंगळू द्या. इंजिन बंद करायचं नाही, ब्रेकचा बूस्टर आणि स्टीअरिंगचं लॉक दोन्ही लक्षात ठेवा. पुढे फिरवायचे हब (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारे) असतील तर ते फ्री करा आणि टू-एचमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद देऊन, परत तीच फेरी मारा. फ्री हबला पुढचा शाफ्ट फिरतच नाही. थरथर कायम राहिली तर पुढचा भाग निर्दोष.

मग सगळ्यात महत्त्वाचं. फोनवर कंप मोजायची ॲप मिळतात, ती सेकंदाला किती कंप आहेत ते आलेखात दाखवतात. फोन सीटमागे फ्लोअरच्या पत्र्यावर डबल टेपने चिकटवा. होल्डरमध्ये ठेवलात तर होल्डरचा कंप मोजाल. वाचन पाचव्या गिअरमध्ये घ्या. चौथा गिअर जिप्सीत सरळ एकास एक असतो, त्यात इंजिन आणि मधला शाफ्ट एकाच वेगाने फिरतात आणि दोघांतला कोण ओरडतोय ते कळत नाही.

गणित मी संध्याकाळी देतो, आता फिरायला निघालोय.

सांधेदुखी (सोमवार, सकाळी ९:१५)

वाखू (वाचनखूण) साठवली. माझ्याकडे महिंद्राची एमएम ५४० आहे, तिथेही हेच लागू का?

निवृत्त_फोरमन (सोमवार, सायंकाळी ७:४०)

सांधेदुखी, तत्त्व तेच. तुमच्याकडे ट्रान्सफर गिअरबॉक्सला जोडलेला असतो म्हणून मधला शाफ्ट नाही, एवढाच फरक.

गणित असं. २१५/७५ आर १५ चा परीघ साधारण २.२ मीटर. ताशी ७० म्हणजे सेकंदाला १९.४ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला जेमतेम ९ फेऱ्या मारतं. टायर, रिम, ड्रम यांतला दोष असेल तर आलेखात ९ हर्ट्झच्या (सेकंदाला ९ कंप) आसपास शेंडा दिसेल.

मागचा शाफ्ट चाकाच्या किती पट फिरतो ते स्वतः मोजा. पुस्तकातला आकडा घेऊ नका, जुन्या गाडीत कोणी कुठला क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली दातेरी चक्रांची जोडी, पिनियन म्हणजे शाफ्टकडचं) घातलाय देव जाणे. मागचं एक चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर, पुढच्या चाकांना दगड, गाडी न्यूट्रल. शाफ्टला खडूची रेघ मारा आणि उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेऱ्या फिरवा. डिफरन्शियलमुळे त्या दोन फेऱ्या म्हणजे जोडीची एकच धरायची. तेवढ्यात शाफ्टच्या जितक्या फेऱ्या होतील तो तुमचा रेशो. चाराला थोडा कमी येईल. ३.८ धरला तर मागचा शाफ्ट ७० ला सेकंदाला ३३-३४ फेऱ्या मारतो.

मधला शाफ्ट त्याहून वेगात. जिप्सी किंगचा ट्रान्सफर हाय रेंजमध्येही एकास एक नाही, सुमारे १.४ आहे. म्हणजे मधला ४७ च्या आसपास.

आता खरी मेख. शाफ्ट बॅलन्सला चुकला असेल तर तो प्रत्येक फेरीला एकदा हादरा देतो, म्हणजे ३३. पण कोन चुकला असेल तर फेरीला दोनदा, म्हणजे ६७. कारण क्रॉस तिरका चालतो तेव्हा पलीकडचा योक (क्रॉसला धरणारा काटा) एका फेरीत दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. १० अंशाच्या कोनाला हा फरक वर दीड टक्का, खाली दीड टक्का. दोन क्रॉस समान कोनात असले आणि दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असले, तर मागचा क्रॉस पुढच्याची चूक तंतोतंत फेडतो. कोन असमान झाले की उरलेली चूक डिफरन्शियलपर्यंत जाते आणि तिथून तुमच्या सीटखाली.

म्हणून ३३ आला तर कळंबोली. ६७ आला तर कळंबोलीला जाऊन पैसे फुकट.

घोडबंदरी (गुरुवार, रात्री ९:०५)

फोरमन काका, सगळं केलं. खारेगावच्या पुढे नाशिक हायवेला पहाटे गेलो. रुंदीकरणाच्या बॅरिकेडमधून मोकळा तुकडा शोधायलाच वेळ गेला. बायको शेजारी फोनचे स्क्रीनशॉट काढत होती.

चौथ्यात आणि पाचव्यात थरथर त्याच वेगाला. न्यूट्रलमध्ये कमी होते, बंद होत नाही. हब फ्री केले, काही फरक नाही. रेशो ३.८ च्या आसपासच आला.

आलेखात ७० ला सगळ्यात उंच शेंडा ३३ हर्ट्झ. ४७ ला एक छोटा आहे. ९ ला जवळपास काहीच नाही.

ऐरोलीकर (गुरुवार, रात्री ९:११)

सांगितलं होतं! ३३ म्हणजे बॅलन्स. शनिवारी कळंबोली. मी येतो सोबत, तिथला चहा चांगला असतो.

डोंगरभटक्या (गुरुवार, रात्री ९:२०)

+१. किंवा घरच्या घरी कर. शाफ्टला रेडिएटर पाइपचे दोन क्लिप लाव, त्यांचे स्क्रू फिरवत फिरवत बघ कुठे थरथर कमी होते. जुनी युक्ती आहे, चालते.

कोपरखैरणेची_सई (गुरुवार, रात्री ११:४८)

थांबा थांबा. घोडबंदरी, ॲपमध्ये सॅम्पलिंग रेट किती दाखवतंय? सेटिंगमध्ये कुठेतरी असेल.

घोडबंदरी (शुक्रवार, सकाळी ७:३०)

१०० लिहिलंय. का?

कोपरखैरणेची_सई (शुक्रवार, सकाळी ८:०२)

मग तो ३३ खरा आहे की नाही ते आत्ता सांगता येत नाही. माझं रोजचं काम कंपन मोजण्याचंच आहे (महापे एमआयडीसी, पंप आणि मोटरी), म्हणून खटकलं.

सेकंदाला १०० नमुने घेणारा फोन ५० हर्ट्झपर्यंतचंच खरं सांगू शकतो. त्याच्या वरचा कंप असेल तर तो ५० च्या रेषेवर दुमडून खाली येतो. खरा कंप ६७ चा असेल तर आलेखात तो कुठे उभा राहील? १०० वजा ६७, म्हणजे ३३ वर! काकांनी ज्या दोन आकड्यांवर निकाल ठेवलाय, तेच दोन आकडे नेमके या फोनला सारखे दिसतात. काही फोनमध्ये हे अडवायला फिल्टर असतो, काहींत नसतो.

दुसरा फोन न घेताही ओळखता येतं. ७० ऐवजी ६५ ला वाचन घ्या. शेंडा खरा असेल तर वेगाबरोबर खाली सरकेल, ३१ च्या आसपास येईल. खोटा असेल तर उलटा वर जाईल: ६५ ला खरा कंप ६२, शंभरातून गेले ६२, उरले ३८.

निवृत्त_फोरमन (शुक्रवार, सकाळी ८:३५)

सई, शाब्बास. आमच्या वेळी हे यंत्र खोलीएवढं होतं आणि त्याला वेगळा ऑपरेटर असायचा, त्यामुळे ही भानगड आमच्यापर्यंत कधी आलीच नाही. घोडबंदरी, कळंबोली थांबवा.

ऐरोलीकर (शुक्रवार, सकाळी ९:००)

चहाचं आमंत्रण मात्र कायम आहे.

घोडबंदरी (रविवार, सकाळी ८:४०)

आत्ताच परत आलो. ६५ ला शेंडा ३८ वर. ६० ला ४२-४३, बारीकसा. वेग कमी केला की शेंडा वर चढतोय! बायकोच्या नव्या फोनवरही घेतलं, त्यात सॅम्पलिंग ४०० आहे. तिथे ७० ला सरळ ६७. ३३ ला जवळपास सपाट. ४७ चा छोटा शेंडा दोन्ही फोनमध्ये आहे.

म्हणजे कोन. शॅकलच ना मग?

निवृत्त_फोरमन (रविवार, सकाळी १०:१५)

शॅकलवर संशय आहेच, पण त्याआधी दोन गोष्टी. मागच्या शाफ्टचे क्रॉस नवीन टाकले तेव्हा शाफ्टची स्लाइडिंग स्प्लाइन (दात्यांची सरकती जोडणी) सुटी केली असेल. परत बसवताना एक-दोन दाते इकडेतिकडे झाले तर दोन टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत आणि हेच ६७ येतं. खाली झोपून शाफ्टच्या लांबीकडे एका टोकाने बघा. आणि ४७ चा शेंडा म्हणजे मधला शाफ्ट काहीतरी सांगतोय. ट्रान्सफरचे माउंट बघा. टॉमी (लोखंडी पहार) लावून ट्रान्सफर हळूच उचलायचा आणि रबराकडे बघायचं.

सांधेदुखी (रविवार, दुपारी १२:३०)

अरे देवा. हे वाचून सहज माझ्या ५४० खाली गेलो. माझ्या मागच्या शाफ्टचे योक चक्क तिरके आहेत, एक उभा तर दुसरा बराच कललेला. दिवाळीआधी क्रॉस बदलले होते, तेव्हापासून गाडी घूं घूं करते आणि मी डिफरन्शियलचं तेल बदलत बसलोय.

निवृत्त_फोरमन (रविवार, दुपारी १२:४५)

सांधेदुखी, फ्लँजचे (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती) बोल्ट काढायच्या आधी सगळीकडे पांढऱ्या रंगाच्या खुणा करा, मग स्प्लाइन ओढून योक सरळ करून घाला. नळीवर बाणाची खूण कोरलेली सापडली तर ती जुळवा. तासाभराचं काम.

सांधेदुखी (रविवार, रात्री ८:२०)

झालं. गेलं. घूं घूं गेलं. काका, तुम्ही तुर्भ्याला कधी आलात तर जेवण माझ्याकडे.

घोडबंदरी (बुधवार, रात्री १०:३०)

माझे योक सरळ आहेत, एका रेषेत. मेकॅनिकने खुणा करून खोललं होतं, त्याला पैकीच्या पैकी.

पण माउंट! टॉमीने ट्रान्सफर जरा उचलला तर एका माउंटचं रबर पत्र्यापासून पूर्ण सुटलेलं निघालं. फटीत माझं व्हिजिटिंग कार्ड आरपार गेलं. दुसऱ्याचं रबर तेल पिऊन फुगलंय आणि नखाने तुकडा निघतो. तिसरं बरं दिसतंय. वरून काहीच कळत नव्हतं, कारण ट्रान्सफर स्वतःच्या वजनाने फट दाबून बसलेला असतो.

मग लोहचुंबकाचं डिजिटल अँगल गेज मागवलं आणि कोन घेतले. गाडी चाकांवर उभी, सगळे कोन मागच्या बाजूला उतरणारे:
ट्रान्सफरचा मागचा फ्लँज १.५ अंश
मागचा शाफ्ट ९ अंश
पिनियन ६.५ अंश

निवृत्त_फोरमन (गुरुवार, सकाळी ६:४५)

चाकांवर उभी ठेवून घेतलेत हे बरं केलं. चेसिस जॅकवर उचलली की पाटे मोकळे लोंबतात आणि सगळे आकडे खोटे येतात.

पुढचा क्रॉस ९ वजा १.५ म्हणजे साडेसात अंशात चालतोय, मागचा ९ वजा ६.५ म्हणजे अडीच. दोघांत पाच अंशांचा फरक. हा एक अंशाच्या आत हवा.

पिनियन वर का तोंड करून बसलंय तेही उघड आहे. जिप्सीच्या मागच्या पाट्याचं पुढचं टोक चेसिसला पक्कं आणि शॅकल मागच्या टोकाला. लांब शॅकल लावला की मागचं टोक चेसिसपासून खाली जातं, पाटा मागे कलतो आणि त्यावर बसलेल्या ॲक्सलचं नाक वर येतं. आधीच्या मालकाला उंची दिसली, नाक दिसलं नाही.

पण ॲक्सल आणि पाट्यामध्ये पाचर मारून नाक खाली आणायची घाई नको. माउंट तुटल्यामुळे ट्रान्सफरही हललेला आहे. तिन्ही माउंट नवीन टाका, तिसरं बरं दिसत असलं तरी. मग परत मोजा. आत्ताच्या कोनावर पाचर बनवलीत तर उद्या माउंट बदलल्यावर ती चुकेल.

कायद्याचं_बोला (गुरुवार, दुपारी १:१०)

एक आठवण. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल बघता, कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा गाडी बदलणं अंगाशी येऊ शकतं. १५ वर्षं उलटलेली गाडी दर पाच वर्षांनी आरटीओसमोर उभी राहते. मूळ शॅकल लावून टाका, कोनही सुटेल आणि कागदही.

निवृत्त_फोरमन (गुरुवार, दुपारी १:४०)

मलाही तेच सगळ्यात योग्य वाटतं.

घोडबंदरी (गुरुवार, रात्री ९:५०)

काका, मूळ शॅकल शोधतोय, दोन भंगारवाले पाहिले, मिळाले तेही गंजून पातळ झालेले. नवीन मिळाले आणि टायरही मूळ मापाचे घेतले की गाडी पूर्ववत करणारच आहे, पुढचं पासिंग जवळ आलंय. तोपर्यंत या गाडीने थरथरत फिरायचं नाही, म्हणून पाचर.

निवृत्त_फोरमन (शुक्रवार, सकाळी ७:०५)

ठीक. माउंट झाल्यावर आकडे टाका.

घोडबंदरी (मंगळवार, रात्री ८:१५)

तिन्ही माउंट नवीन. फ्लँज आता ३ अंश. शाफ्ट ९, पिनियन अर्थातच साडेसहा. गाडी चालवून पाहिली: ४७ चा शेंडा गेला. पायाखालची ती कायमची बारीक मुंग्या आल्यासारखी गुणगुण होती, जी मी जिप्सीचा स्वभाव समजत होतो, तीही गेली. ६७ चा कमी झालाय पण आहे.

निवृत्त_फोरमन (बुधवार, सकाळी ६:४०)

बरोबर. सहा आणि अडीच. पाचर ४ अंशांची करा, पिनियन अडीचवर येईल. फ्लँजच्या ३ पेक्षा अर्धा अंश खाली मुद्दाम ठेवायचं. जोर दिला की पाटा पिळतो आणि पिनियन थोडं वर उचलतं, तेव्हा ते समांतर यायला हवं.

पाचर लोखंडाची, पाट्याच्या पूर्ण रुंदीची, मध्ये सेंटर बोल्टचं भोक. ओतीव ॲल्युमिनियमच्या मिळतात, त्या तडकतात, घेऊ नका. मूळ जिप्सीत पाटा ॲक्सलच्या खाली असतो, म्हणून पाचर पाट्याच्या वर, ॲक्सलच्या बैठकीखाली. जाड बाजू मागे. उलटी लावलीत तर नाक आणखी वर जाईल. पाटा ॲक्सलच्या वर घेतलेल्या गाडीत हे बरोबर उलटं होतं, तेव्हा इतर वाचकांनी आंधळेपणाने नक्कल करू नये. सेंटर बोल्टचं डोकं पाचरेतून वर येऊन बैठकीच्या भोकात बसलंच पाहिजे. पोचत नसेल तर लांब बोल्ट घ्या, नाहीतर ॲक्सल सरकेल. यू-बोल्ट नवीन. एकदा ताणलेले परत वापरू नका.

डोंगरभटक्या (बुधवार, सकाळी ९:३०)

पण पिनियन खाली नेलं तर शाफ्टचा उतार वाढणार ना? म्हणजे क्रॉस आणखी तिरके. मग थरथर वाढायला नको?

कोपरखैरणेची_सई (बुधवार, सकाळी १०:२०)

वाढेल असं वाटतं, पण इथे एकेका कोनापेक्षा दोघांतला हिशोब जास्त मोजायचा. योक एका रेषेत असताना उरलेली चूक म्हणजे पुढच्या कोनाचा वर्ग वजा मागच्या कोनाचा वर्ग, आणि त्याचं वर्गमूळ. आत्ता ६ आणि २.५: ३६ वजा ६.२५, मूळ जवळपास साडेपाच. म्हणजे साडेपाच अंशात एकटाच क्रॉस चालवल्यासारखं. उद्या समजा ७ आणि ७.५ झाले: ५६.२५ वजा ४९, मूळ २.७. कोन दोन्ही वाढले, चूक निम्मी झाली. आणि जोर दिल्यावर पिनियन अर्धा अंश उचललं तर जवळजवळ शून्य.

फुकट मात्र काही नाही. जास्त कोनात क्रॉसच्या सुया (कपातलं सुयांचं बेअरिंग) जास्त घासतात, आयुष्य कमी होणार.

घोडबंदरी (रविवार, सायंकाळी ६:००)

झालं!

वागळे इस्टेटमधल्या एका मिलिंगवाल्याने पाचरी करून दिल्या. त्याला आधी वाटलं मी टेबलाच्या पायाखाली घालायला करतोय. सेंटर बोल्ट लांब लागले. जाड बाजू मागे, लावायच्या आधी दोघांनी आलटूनपालटून तपासली.

आता फ्लँज ३, शाफ्ट १०, पिनियन २.५. म्हणजे सात आणि साडेसात, सईने लिहिलेले आकडे जसेच्या तसे.

आजच पहाटे नाशिक हायवेला ७० वर पाचव्यात: ६७ चा शेंडा शोधावा लागतो. आरशात मागच्या टेम्पोचा नंबर वाचता येतो. ८५ च्या पुढे अजून हलकी थरथर आहे, पण ८५ च्या पुढे जिप्सीत सॉफ्ट टॉपच इतका फडफडतो की ती ऐकू कोणाला येणार.

मेकॅनिकला फेरी मारायला दिली. परत आला, काही बोलला नाही, खाली झोपून पाचरीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे असलं कोण करतं?"

ऐरोलीकर (रविवार, सायंकाळी ६:४०)

अभिनंदन. माझा शाफ्ट ३३ वालाच होता हे मात्र नोंदवून ठेवा. नळीतला पोचा हाताला लागला होता.

निवृत्त_फोरमन (रविवार, रात्री ८:००)

नोंदवलं. घोडबंदरी, आता कोन जास्त आहे, तेव्हा ग्रीस निपल विसरू नका. पावसात चाकाच्या निम्म्यापर्यंत पाण्यातून गाडी काढलीत की त्याच आठवड्यात ग्रीस मारायचं, चारही सीलमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. कपाच्या कडेला लाल भुकटी दिसली तर समजा आत सुया कोरड्या पडल्या.

आणि दोन-तीनशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट परत आवळा, गाडी चाकांवर उभी असताना. नव्या पाचरीचा रंग आणि कडा दबून बोल्ट सैल होतात.

सांधेदुखी (सोमवार, सकाळी ११:१५)

घोडबंदरी, लांब शॅकल काढाल तेव्हा विकणार का? ५४० ला बसतील का बघतो.

निवृत्त_फोरमन (सोमवार, सकाळी ११:२०)

सांधेदुखी, नाही.

घोडबंदरी (पुढचा शनिवार, दुपारी ३:३०)

काका, यू-बोल्ट आवळले. मागच्या डावीकडचा पुढचा नट अर्धी फेरी फिरला, बाकीचे जागचे हलले नाहीत. तो परत पुढच्या आठवड्यात बघतो. आणि मूळ शॅकलची जोडी भिवंडीत एकाकडे आहे म्हणतात, फोटो मागवलाय.